सगळे स्क्रू निघाले, कपलिंग मात्र निघेना

शेवटचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला बारीक स्क्रू) सुटून तळहातावर येतो आणि तरीही कपलिंग जागचं हलत नाही. बोटांनी ओढून होतं, फडकं गुंडाळून ओढून होतं, जरा पिळून होतं, पण ते ढिम्म. पेन्सिलीएवढ्या शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, बसलेला, दोन शाफ्ट जोडणारा अंगठ्याएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. त्याला धरून ठेवणारे दोन्ही स्क्रू आता टेबलावर पडलेले. मग धरलंय कोणी? छोट्या मोटरचं कपलिंग उघडायचं खरं काम इथून सुरू होतं आणि हात हातोडीकडे जातो तोही नेमका इथेच. अशा वेळी चिडचिड होते ती वस्तू अडल्याची कमी आणि इतकी क्षुल्लक वस्तू अडल्याची जास्त असते. मोठं यंत्र अडलं तर माणूस विचार करतो, लहान अडलं तर जोर करतो.

मुळात कपलिंग शाफ्टवरून काढायलाच हवं का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. मोटरचं पुढचं बेअरिंग बदलायचं असेल तर हवंच. पण मोटर नुसती बाजूला घ्यायची असेल किंवा मधलं रबर झिजलं असेल, तर दर वेळी हब, म्हणजे शाफ्टवर बसलेला कपलिंगचा भाग, उपटण्याची गरज नसते. जबड्याचं कपलिंग घ्या. दोन हबचे दात एकमेकांत आणि मध्ये पॉलियुरेथेनचा चांदणीसारखा स्पायडर. मोटरचे बोल्ट काढून मोटर सरळ मागे घेतली की ते आपोआप दुभागतं. दातांच्या लांबीएवढी, म्हणजे छोट्या मापात आठ-दहा मिलिमीटर, जागा मागे मिळाली की पुरे. ओल्डहॅम कपलिंगही असंच सुटतं, फक्त मधली प्लास्टिकची चकती निसटून खाली पडते, तेव्हा ती कोणत्या तोंडाने बसली होती त्याची आधी खूण करावी. स्टेपर मोटर (पावलापावलाने फिरणारी) आणि लीड स्क्रू (भार सरकवणारा आटेदार दांडा) जोडणारं, अंगावर सर्पिल काप मारलेलं एकसंध कपलिंग मात्र असं दुभागत नाही. तिथे एका टोकाचे स्क्रू सोडावेच लागतात, पण एकाच टोकाचे. दुसरं टोक शाफ्टवर बसलेलं राहिलं तरी दुरुस्तीचं काही अडत नाही.

हे ठरलं की थोडी तयारी, जी कंटाळवाणी आहे आणि टाळली की महागात पडते. वीज काढायची. सिंगल फेज मोटरला कपॅसिटर असेल तर तो डिस्चार्ज करायचा. शाफ्ट उभा असेल तर वरचा भार लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवायचा, कारण कपलिंग सुटलं की लीड स्क्रूला धरणारं काही उरत नाही आणि वरचं वजन सरळ खाली येतं. दोन्ही हबवरून एक सरळ रेघ मार्करने ओढायची. शाफ्ट हबमध्ये किती आत गेलाय आणि दोन हबमध्ये किती फट आहे, ते व्हर्निअरने मोजून लिहून ठेवायचं. परत जोडताना या दोन आकड्यांची आठवण हमखास येते.

आणि एकही स्क्रू सोडण्याआधी नुसतं बघायचं. हब आणि शाफ्टच्या सांध्याशी तांबूस-तपकिरी भुकटी दिसली तर हब आतल्या आत हलत होता. पोलादावर पोलाद बारीक हालचालीने घासलं की असा गंज पडतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हबला तीच भुकटी काळपट दिसते. स्क्रूच्या भोकात निळा, लाल किंवा जांभळा वाळलेला थर दिसला तर आत थ्रेड लॉक, म्हणजे आटे चिकटवणारं द्रव्य, आहे. स्पायडरच्या कडेला चुरा पडलेला असेल तर दोन शाफ्ट एका रेषेत नव्हते, आणि नवा स्पायडर घातला तरी तोही तसाच खाल्ला जाणार. रबर चिकट, मऊ झालेलं असेल तर तो झिजेचा नाही, वयाचा दोष आहे. दमट हवेत पॉलियुरेथेनची काही वर्षांत अशी गत होते.

आता तो ग्रब स्क्रू. डोकं नसलेला, पूर्ण आत बुडणारा, एवढासा. सगळ्यात जास्त कपलिंगं वाया जातात ती इथे, आणि कारण एकच, अ‍ॅलन कीचं चुकीचं माप. एम-३, म्हणजे ३ मिमी व्यासाच्या, ग्रबला १.५ मिमीची की लागते, एम-४ ला २ मिमी, एम-५ ला २.५ आणि एम-६ ला ३. पण यंत्र इंची मापाचं असेल तर एक-सोळांश इंचाची की लागते, म्हणजे १.५९ मिमी. तिच्या जागी १.५ मिमीची घातली तर जाते, फिरतेही, आणि जोर देताच आतले सहा कोपरे गोल करून टाकते. उलट पाच-चौसष्टांश इंच म्हणजे १.९८ मिमी. तिथे २ मिमीची की घट्ट का होईना, बसली तर चालून जाते. की आत घातल्यावर हलकेच डावी-उजवी हलवून बघायची. खेळ जाणवला तर थांबायचं. गोळीच्या टोकाची की स्क्रू भराभर फिरवायला छान असते, पण घट्ट स्क्रूचा पहिला झटका तिने द्यायचा नाही. तिचा स्पर्श अगदी थोड्या जागेवर होतो आणि मानेत तुटली तर तुकडा आतच राहतो. वापरून वापरून कीचं टोक गोल झालेलं असेल तर ते ग्राइंडरवर एक-दोन मिलिमीटर घासून सपाट करावं. मध्ये मध्ये पाण्यात बुडवत राहायचं, नाहीतर पोलादाचा कडकपणा उतरून टोक मऊ पडतं. आणि घालण्याआधी भोकातली घाण सुईने काढायची. भोक साधारण दोन मिलिमीटर खोल, त्यात तळाला मिलिमीटरभर ग्रीस आणि धूळ बसली तर की अर्धीच धरते. की पूर्ण बसली की तिच्या पाठीवर हातोडीचे दोन हलके ठोके. या कामात हातोडीचा खरा उपयोग तेवढाच. ठोक्याने आटे थोडे सैल होतात.

थ्रेड लॉक असेल तर एवढ्यावर भागत नाही. निळा, म्हणजे लॉकटाइट २४३ सारखा, हाताच्या हत्याराने सुटतो असं म्हणतात आणि ते खरंही आहे, पण बोल्टच्या बाबतीत. एम-३ ग्रबमध्ये चिकटलेले आटे भारी पडतात आणि दीड मिलिमीटरची खाच आधी हार मानते. म्हणून तर एवढ्या लहान स्क्रूंसाठी जांभळा, कमी ताकदीचा प्रकार असतो. लाल प्रकाराला साधारण २५० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय गत्यंतर नाही. इथे सोल्डरिंग आयर्न हीट गनपेक्षा कामाचं. तापलेलं टोक थेट ग्रबच्या खाचेत टेकवून मिनिटभर धरायचं, लगेच की घालून फिरवायचं. उष्णता जिथे हवी तिथेच जाते. हीट गनने सगळंच तापतं. मोटरमध्ये साध्या दर्जाचं निओडिमियम चुंबक असेल तर ८० अंशांच्या पुढे त्याची ताकद कायमची उतरू लागते. बेअरिंगचं ग्रीस आणि सील यांचं नुकसान वेगळंच.

तरीही खाच गेलीच तर एक माप मोठा टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा) बिट त्यात ठोकून बसवायचा आणि सावकाश फिरवायचं. तेही जमलं नाही तर उलट्या फिरणाऱ्या ड्रिल बिटने भोक पाडायचं. बिट रुतला की कित्येकदा स्क्रूच उलटा फिरून बाहेर येतो. मात्र ग्रब स्क्रू साध्या बोल्टपेक्षा बरेच कडक असतात, साधा हायस्पीड बिट त्यावर नुसता घसरतो. कोबाल्टचा घ्यावा.

स्क्रू निघाला. आता त्या भोकात टॉर्च मारायची.

कारण पुष्कळदा त्याच्याखाली दुसरा ग्रब स्क्रू असतो. कंपनाने पहिला ढिला होऊ नये म्हणून वरून दुसरा त्याच्यावर टेकवून आवळतात. पद्धत जुनी आणि चांगली, पण बाहेरून तिचा मागमूस लागत नाही. स्क्रू काढून झाला असं समजून पुलर (हब ओढून काढणारं पंजांचं हत्यार) लावला जातो आणि खालचा ग्रब शाफ्टवर लांबच लांब ओरखडा काढत जातो. दुसरा हमखास लपणारा स्क्रू म्हणजे पहिल्यापासून ९० अंशांवरचा. मोटर ब्रॅकेटच्या खिडकीतून तो दिसत नाही. शाफ्ट हाताने पूर्ण एक फेरा फिरवून सगळा हब बघायचा.

सगळे स्क्रू खरोखर निघाले असतील तर एक सोपी चाचणी बरंच सांगते. शाफ्ट गोल असेल आणि त्यावर चावी, म्हणजे हब घसरू नये म्हणून खाचेत बसवलेली पट्टी, नसेल, तर मोटरचा शाफ्ट धरून कपलिंग फिरवून बघायचं, ओढायचं नाही. शाफ्टभोवती फिरतंय, निदान जरासं, पण बाहेर येत नाही? मग वाटेत अडथळा आहे. शाफ्टच्या तोंडाशी ठोकून पसरलेली कड, एखादी सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), नाहीतर ग्रबने उठवलेली बर, म्हणजे धातूची उठलेली कड. फिरतही नाही आणि सरकतही नाही? मग पकड आहे. गंज, चिकटवणारं द्रव्य, दाबून बसवलेला हब, किंवा आरपार पिन. अडथळा आणि पकड यांचे उपाय वेगळे. पहिल्याला जोराने काही होत नाही, दुसऱ्याला काही वेळा होतं.

बर ही चीज समजून घेण्यासारखी आहे. ग्रब स्क्रूचं टोक बहुधा वाटीसारखं खोलगट असतं. त्याची गोल कड शाफ्टमध्ये रुतते आणि सभोवताली धातू किंचित वर उठतो. किती, तर तीस-चाळीस मायक्रॉन, कागदाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. पण ८ मिमीचं भोक एच-७ या अचूकतेच्या ठरलेल्या मर्यादेत केलेलं असेल तर ते फार तर १५ मायक्रॉन मोठं असतं आणि एच-६ मर्यादेतला शाफ्ट फार तर ९ मायक्रॉन बारीक. दोन्ही मिळून मोकळी जागा जास्तीत जास्त २४. उठलेल्या धातूला बाहेर यायला वाटच नाही. जोर करून ओढलं की ही बर हबच्या आतल्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये नांगरासारखी चालते, धातूचा गोळा होतो आणि पाचर बसते. मग कपलिंग ना पुढे ना मागे. त्यापेक्षा ग्रबच्या रिकाम्या भोकातूनच ती घासून टाकावी. एम-४ असेल तर ३ मिमीचा ड्रिल बिट, टोक घासून सपाट केलेला, भोकात घालून हाताने, केवळ हाताने, पाच-सात वेळा फिरवायचा. चकचकीत चुरा वर आला की फुंकून काढायचा, तेलाचा थेंब सोडायचा आणि मग ओढायचं. ज्याने शाफ्टवर डी-आकाराचा सपाट भाग दिलाय त्याचे आभार मानावेत. तिथे बर शाफ्टच्या गोलाईच्या आतच राहते आणि कपलिंग सुळकन निघतं.

क्लॅम्प प्रकारात ही कटकट नसते. तिथे हब एका बाजूला चिरलेला असतो आणि आडवा स्क्रू ती चीर आवळतो. स्क्रू सोडला की हब सैलावतो, किंवा सैलावायला हवा. नाहीच सैलावला तर चिरेत स्क्रू ड्रायव्हर घालून पिळण्याचा मोह होतो. अगदी किंचित चालतं, जास्त झालं की चिरेच्या मुळाशी तडा. याहून सभ्य उपाय म्हणजे स्क्रू पूर्ण काढून उलट बाजूने, आट्यांच्या अंगाने घालायचा, चिरेत पत्र्याचा एक तुकडा धरायचा आणि स्क्रू त्या तुकड्यावर आवळायचा. चीर हळूहळू, मोजून, उघडते. याच स्क्रूचं डोकं गोल झालं असेल तर घाबरायचं कारण नाही. स्क्रूच्याच व्यासाच्या बिटने डोकं पोखरून उडवलं की ताण सुटतो आणि उरलेला दांडा पक्कडीने फिरवून निघतो.

पकड असेल तर पहिलं काम गंज उतरवणारं तेल आणि रात्रभर वाट. दोन्ही टोकांना, शिवाय ग्रबच्या भोकातून. दुसरं काम उष्णता. अ‍ॅल्युमिनियमचा हब पोलादाच्या शाफ्टवर असेल तर निसर्ग आपल्या बाजूने असतो. १०० अंश तापमान वाढलं की ८ मिमीचं अ‍ॅल्युमिनियमचं भोक सुमारे १८ मायक्रॉन मोठं होतं, शाफ्ट तेवढाच तापला तरी जेमतेम १० मायक्रॉन फुगतो. आठ मायक्रॉनची ही कमाई थोडी वाटते, पण चिकटलेला थर मोडायला अनेकदा पुरते. पोलादी हबच्या बाबतीत ही सवलत नाही. तिथे हब झटपट तापवून, उष्णता शाफ्टमध्ये उतरण्याआधीच ओढावा लागतो. पॉलियुरेथेनचा स्पायडर अर्थातच आधी काढून ठेवलेला हवा.

पिन असेल तर ती बघून ओळखायची. गुंडाळलेल्या पत्र्याची पिन कुठूनही ठोकून निघते. भरीव पिन मात्र निमुळती असू शकते. मेट्रिक निमुळत्या पिनेचा उतार पन्नासात एक, म्हणजे २० मिमी लांबीत व्यासाचा फरक फक्त ०.४ मिमी. डोळ्यांना दोन्ही टोकं सारखीच दिसतात, व्हर्निअरला नाही. ठोकायचं ते बारीक टोकाकडून. जाड टोकाकडून ठोकली की ती जास्तच घट्ट होते आणि वर डोकं पसरवून बसते. ठोकताना हबच्या खाली व्ही-ब्लॉक किंवा खाच पाडलेला लाकडी ठोकळा हवा, नाहीतर पेन्सिलीएवढा शाफ्ट वाकायला फार मोठा ठोका लागत नाही.

हातोडी का नको आणि पुलर का हवा, हे जोर कुठून कुठे जातो ते पाहिलं की कळतं. कपलिंगच्या मागून छिन्नीने ठोकलं की तो धक्का शाफ्टमधून बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि गोळ्या रिंगमध्ये सूक्ष्म खड्डे पाडतात. मोटर चालते, पण खरखरते. मागच्या टोकाला एन्कोडरची (शाफ्टचं फिरणं मोजणाऱ्या भागाची) काचेची चकती असेल तर तिचं काय होईल ते सांगायला नको. पुलरचे पंजे हबला ओढतात आणि त्याचा मधला स्क्रू त्याच शाफ्टच्या तोंडाला रेटतो. सगळा जोर हब आणि शाफ्ट या दोघांतच संपतो, बेअरिंगपर्यंत काही पोचत नाही. अडचण जागेची असते. छोट्या मोटरमध्ये हब आणि मोटरचं तोंड यांत दोन-तीन मिलिमीटरच फट, पंजे जायचे कुठे? जाड वॉशरला यू-आकाराची खाच कापून तो फटीत सरकवायचा आणि पंजे वॉशरखाली लावायचे. त्याने अ‍ॅल्युमिनियमची कड वाकायचीही टळते. सर्पिल काप असलेलं कपलिंग ओढताना पंजे शाफ्टवर बसलेल्या टोकालाच लागले पाहिजेत. पलीकडच्या टोकाला धरून ओढलं तर मधली स्प्रिंग ताणली जाते आणि पुन्हा मूळ लांबीला येत नाही.

स्क्रू नाही, चिरा नाही, पिन नाही, असं कपलिंग आट्यांवर बसवलेलं असू शकतं, जसं मिक्सरमध्ये असतं. अशा वेळी उलटे आटे की सुलटे यावर वाद घालण्यापेक्षा मोटर कुठल्या दिशेने फिरते ते आठवावं. भार कपलिंगला मागे खेचतो आणि त्याने ते आवळत जावं, अशीच आट्यांची दिशा ठरवलेली असते. म्हणून मोटरच्या शाफ्टवरचं कपलिंग मोटर फिरते त्याच दिशेला फिरवून सुटतं आणि चालवल्या जाणाऱ्या बाजूचं, भांड्याखालचं, त्याच्या विरुद्ध दिशेला. दोन्ही दिशांनी चालणाऱ्या मोटरवर असं आट्यांचं कपलिंग सहसा सापडत नाही, ते का ते याच हिशेबात आलं. शाफ्ट धरायचा तो खालच्या टोकाच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून. पंखा किंवा कम्युटेटर पक्कडीत धरायचा नाही.

एवढं सगळं करून निघालं नाही तर कपलिंगचा बळी द्यावा, आणि तो वेळेवर द्यावा. कपलिंग स्वस्त, मोटर महाग. हबच्या लांबीत समोरासमोर दोन काप घ्यायचे, शाफ्टपर्यंत अर्धा मिलिमीटर उरेल इतके खोल, आणि कापात छिन्नी ठेवून हलकेच पिळायचं. अ‍ॅल्युमिनियम असेल तर कट् आवाज होऊन दोन फोडी होतात. लोखंडाचा कीस मोटरच्या चुंबकाकडे धावतो, म्हणून तोंडाशी चिकटपट्टी आणि ओलं फडकं आधीच लावलेलं असावं.

बसवताना शाफ्टवरची जुनी वळं बारीक कानशीने आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवायची. दाबून बसणारा हब असेल तर शाफ्टच्या मागच्या टोकाला टेकू देऊनच दाबायचं. मोटरकडचे स्क्रू आधी आवळायचे, पलीकडचे ढिले ठेवून शाफ्ट हाताने काही फेरे फिरवायचा, म्हणजे कपलिंग ताणलेलं किंवा दबलेलं असेल तर आपल्या लांबीला येतं, आणि मग पलीकडचे. दोन शाफ्टची टोकं आत एकमेकांना टेकू द्यायची नाहीत. एम-३ ग्रबला एक न्यूटन-मीटरच्या आतला टॉर्क पुरतो, मनगटाचा जोर त्याहून सहज जास्त होतो.

राहता राहिला तेलाचा प्रश्न, आणि त्यावर एकमत होणं कठीण. पुढच्या वेळी सहज निघावं म्हणून शाफ्टवर ग्रीस लावावं, तर क्लॅम्पची सगळी भिस्त घर्षणावर, ग्रीस लावलं की तो घसरतो. तो कोरडा, स्पिरिटने पुसलेलाच बसवावा आणि गंजाची जोखीम पत्करावी. ग्रब आणि चावीवरच्या हबला मात्र तेलाचा पुसट हात जरूर द्यावा. एकाखाली एक दोन ग्रब असतील, आटे उलटे असतील किंवा की इंची मापाची असेल, तर तेवढं झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावं.